प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतोय? ड्रायव्हर काढण्याआधी हे वाचा



घरून व्यवसाय करणाऱ्याचा प्रिंटर नेमका कधी रुसतो, सांगू? कुरिअरवाला मुलगा दारात गाडी चालू ठेवून उभा असतो तेव्हा. लेबल नाही तर तो पार्सल घेत नाही. पार्सल आज गेलं नाही तर ऑर्डर उशिरा पोचते, आणि त्याचा फटका बसतो तुमच्या विक्रेता खात्याला. क्लास घेणाऱ्या ताईंची प्रश्नपत्रिका, मसाल्याच्या पाकिटावरचे स्टिकर, गिऱ्हाइकाला द्यायचं बिल, सगळ्यांची तीच गत. प्रिंटर साधी वस्तू वाटते, पण घरगुती धंद्यात तो थांबला की गल्ला थांबतो.

आजचा विषय एवढाच: वायफायवर चालणारा प्रिंटर, घरचा विंडोजचा कॉम्प्युटर, कालपर्यंत छान चाललं होतं, आज 'ऑफलाइन' लिहून येतंय. प्रिंटरचे दिवे चालू, शाई भरलेली, कागद घातलेला. तरी ऑफलाइन.

दुकानात लोक असा प्रिंटर पिशवीत घालून घेऊन येतात. "दादा, गेला बहुतेक, बघा जरा." मी तो दुकानाच्या वायफायला जोडतो, दोन मिनिटांत पान बाहेर येतं. माणूस खूश होऊन घरी जातो आणि संध्याकाळी फोन येतो, "इथे परत तेच!" येणारच. कारण आजार प्रिंटरला नव्हताच, आजार घरी होता. मधल्या रस्त्यात.

हा रस्ता समजून घ्या, बाकी सगळं सोपं आहे. तुम्ही 'प्रिंट' दाबता तेव्हा विंडोज ते पान आपल्या रांगेत लावतं. मग ते वायफायने राउटरकडे जातं आणि राउटर ते प्रिंटरकडे पोचवतो. कॉम्प्युटर आणि प्रिंटर सहसा एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मध्ये राउटर असतो. म्हणजे तीन कड्या झाल्या: प्रिंटर ते राउटर, राउटर ते कॉम्प्युटर, आणि तिसरी कॉम्प्युटरच्या आतली, विंडोजला प्रिंटरचा बरोबर पत्ता माहीत असणं. 'ऑफलाइन' या शब्दाचा अर्थ फक्त इतकाच की यातली एक कडी सुटली आहे. कोणती, ते विंडोज सांगत नाही. ते आपण शोधायचं.

सगळ्यात जास्त वेळा काय होतं?

माझ्या अनुभवात तिसरी कडी सुटते. आणि ती का सुटते हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

घरातल्या वायफायवर प्रत्येक वस्तूला एक आकडी पत्ता मिळतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. समजा तुमच्या प्रिंटरला १९२.१६८.१.५ मिळाला. हा पत्ता राउटर देतो, पण कायमचा देत नाही, भाड्याने देतो. आपल्याकडे ११ महिन्यांचा भाडेकरार असतो ना, तसाच हा करार असतो. फक्त तो बहुधा काही तासांचा किंवा एखाद्या दिवसाचा असतो. प्रिंटर चालू राहिला तर करार आपोआप वाढत राहतो आणि पत्ता तोच राहतो.

आता लाइट गेली. आपल्याकडे ती जातेच. बऱ्याच साध्या राउटरना बंद होऊन चालू झाल्यावर जुने भाडेकरू आठवत नाहीत. लाइट आली की जो आधी दार वाजवेल त्याला खोली. टीव्ही आधी जागा झाला, त्याने १९२.१६८.१.५ घेतला. प्रिंटर मागून आला, त्याला मिळाला १९२.१६८.१.९. इकडे विंडोजच्या डायरीत जुनाच पत्ता. ते पान घेऊन ५ नंबरच्या दारात जातं, तिथे टीव्ही. टीव्हीला काय कळणार तुमचं लेबल! उत्तर आलं नाही, म्हणून विंडोजने लिहून टाकलं: प्रिंटर ऑफलाइन.

आता एक मजेची गोष्ट लक्षात येईल. बहुतेक जण काय करतात? ड्रायव्हर काढतात आणि पुन्हा टाकतात. ते चालतंही! कारण नव्याने टाकताना सॉफ्टवेअर प्रिंटरला पुन्हा शोधतं आणि नवा पत्ता डायरीत लिहितं. माणसाला वाटतं, ड्रायव्हर खराब झाला होता. पुढच्या वेळी लाइट गेली की परत तेच, परत अर्धा तास. महिन्यातून तीनदा ड्रायव्हर 'खराब' होतो, मग तो प्रिंटरलाच शिव्या घालतो. ड्रायव्हर कधीच खराब नव्हता. त्यामुळे ड्रायव्हर काढणं हा उपाय मी यादीत सगळ्यात शेवटी ठेवतो.

कडी शोधायची कशी?

पहिली परीक्षा मोबाइलवर. मोबाइलचा डेटा बंद करा, घरच्या वायफायला जोडा, एखादा फोटो उघडा आणि त्याच्या मेनूतून 'प्रिंट' निवडा. यादीत प्रिंटर दिसला तर पान काढून बघा. (नावाच्या सुरुवातीला 'डायरेक्ट' असेल तर ते निवडू नका, तो वेगळा रस्ता आहे, खाली सांगतो.) मोबाइलवरून पान आलं तर प्रिंटरही ठीक आहे आणि राउटरही. दोष कॉम्प्युटरच्या बाजूला. या एका परीक्षेने अर्धं काम होतं आणि तिला एक रुपया लागत नाही.

मोबाइलवरूनही आलं नाही, तर प्रिंटरचं नेटवर्कचं पान छापा. जवळजवळ सगळ्या वायफाय प्रिंटरमध्ये ही सोय असते. काहींना पडदा असतो, त्यात 'नेटवर्क' किंवा 'वायरलेस'मध्ये जाऊन रिपोर्ट छापता येतो. पडदा नसलेल्यांमध्ये कुठलं तरी बटण किंवा दोन बटणं एकत्र दाबायची असतात. ती मॉडेलप्रमाणे बदलतात, प्रिंटरसोबत आलेल्या पुस्तिकेत बघा. त्या पानावर दोन गोष्टी बघायच्या: वायफायचं नाव आणि आयपी ॲड्रेस.

वायफायचं नाव तुमच्याच घरचं आहे ना? शेजाऱ्याचं किंवा जुन्या राउटरचं नाही ना? आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, किंवा नुसते शून्य असतील, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. म्हणजे पहिली कडी सुटली आहे. विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, आधी प्रिंटर आणि राउटर जोडा.

पत्ता ठीक दिसतोय? मग तिसरी परीक्षा कॉम्प्युटरवर. क्रोम किंवा एज उघडा, वर जिथे वेबसाइटचं नाव टाकतो तिथे प्रिंटरचा तो आकडी पत्ता टाका आणि एंटर दाबा. बहुतेक प्रिंटरच्या पोटात एक छोटं वेबपान असतं. मॉडेलचं नाव, बऱ्याच वेळा शाई किती उरली तेही, समोर येतं. एखादा प्रिंटर 'हे पान सुरक्षित नाही' अशी सूचना दाखवतो. पत्ता तुमच्याच प्रिंटरचा असेल तर पुढे जायला हरकत नाही. पान उघडलं म्हणजे कॉम्प्युटर ते प्रिंटर रस्ता पूर्ण मोकळा आहे, फक्त विंडोजच्या डायरीतला पत्ता चुकला आहे किंवा रांग अडकली आहे.

काही प्रिंटरला असं पान नसतं. मग स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून ती काळी खिडकी उघडा, इंग्रजीत पिंग टाइप करा, एक जागा सोडा आणि पत्ता टाका. 'रिप्लाय फ्रॉम' आलं की पोचतंय. पण नीट वाचा हं! कधी कधी 'रिप्लाय फ्रॉम' लिहून पुढे 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' येतं. त्यात दिसणारा पत्ता तुमच्याच कॉम्प्युटरचा असतो. म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच सांगतोय की समोर कोणी नाही. घाईत लोक 'रिप्लाय' बघून खूश होतात.

प्रिंटर आणि राउटर जोडले जात नसतील तर

सगळ्यात आधी साधं काम, आणि ते क्रमाने. तिन्ही बंद करा. आधी फक्त राउटर चालू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, इंटरनेटचा दिवा स्थिर होऊ द्या. मग प्रिंटर. मग कॉम्प्युटर. सगळं एकदम बोर्डावरून चालू केलं की प्रिंटर राउटरच्या आधी जागा होतो, त्याला वायफाय दिसत नाही आणि काही जुनी मॉडेल परत शोधायचा कंटाळा करतात. लाइट येते तेव्हाही नेमकं हेच घडतं.

जाता जाता: शाईचा प्रिंटर रोज बोर्डावरून बंद करू नका, त्याच्या बटणानेच बंद करा. बटणाने बंद केला की तो हेड जागेवर नेऊन झाकतो. बोर्डावरून अचानक बंद केला तर हेड उघडं राहू शकतं, शाई वाळते, मग हेड क्लीनिंगमध्ये परत शाई जाते. वायफायशी याचा संबंध नाही, पण खिशाशी आहे.

क्रमाने चालू करूनही जमलं नाही तर वायफायचा बँड तपासा. आजकालचे राउटर दोन प्रकारचं वायफाय देतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पुष्कळ राउटरवर दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी '५जी' असतं. (मोबाइलच्या फाइव्ह-जीशी याचं काही नातं नाही, नुसता नावाचा गोंधळ.) घरगुती किमतीतले बरेच प्रिंटर फक्त २.४ ओळखतात. त्यांना ५ चं वायफाय दिसतच नाही. मग लोक म्हणतात, "मोबाइलला दिसतंय, प्रिंटरला का नाही?" तर प्रिंटर साध्या नावाच्या, म्हणजे २.४ च्या वायफायला जोडा. कॉम्प्युटर ५ वर असला तरी चालतं, एकाच राउटरची दोन दारं आहेत ती. फक्त त्यातलं एक 'गेस्ट' नेटवर्क नसावं. गेस्टवरच्या पाहुण्याला घरातल्या वस्तू दिसू नयेत अशीच ती सोय केलेली असते.

राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल आणि प्रिंटर जोडताना अडत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद करा, प्रिंटर जोडा, मग परत चालू करा. आणखी एक जागा म्हणजे सुरक्षेचा प्रकार. राउटरवर फक्त 'डब्ल्यूपीए३' ठेवलं असेल तर जुना प्रिंटर आत येऊ शकत नाही. 'डब्ल्यूपीए२' किंवा दोन्ही मिळून असलेला पर्याय ठेवा.

नवा राउटर घेतलाय किंवा इंटरनेट कंपनी बदलली आहे? मग एक युक्ती वापरा. नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षरं अगदी तशीच, लहान-मोठी एबीसीडीसकट. प्रिंटर, मोबाइल, टीव्ही बहुतेक सगळे आपोआप जोडले जातात. प्रिंटरला नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड तेवढा लक्षात असतो, डबा बदललाय हे त्याला कळत नाही.

मोबाइल हॉटस्पॉटवर धंदा करणाऱ्यांसाठी

आमच्या बॅचमध्ये असे खूप जण आहेत, विशेषतः ज्यांच्या घरी फायबर आलेलं नाही. एका ताईंचा घरगुती लोणच्यांचा व्यवसाय आहे. प्रिंटर रात्री चालतो, दिवसा चालत नाही, अशी त्यांची तक्रार. नवा प्रिंटर घ्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. विचारल्यावर कळलं, प्रिंटर आणि लॅपटॉप दोन्ही यजमानांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर. ते सकाळी नोकरीला गेले की घरातलं नेटवर्कच त्यांच्या खिशात बसून एमआयडीसीत जायचं! ताई स्वतःचा हॉटस्पॉट चालू करायच्या, लॅपटॉप त्याला जोडायच्या, इंटरनेट चालायचं. प्रिंटर मात्र अजून यजमानांच्या फोनची वाट बघत बसलेला.

हॉटस्पॉटवर आणखी दोन अडचणी. काही फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवतात, तो २.४ वर आणावा लागतो. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँडचा पर्याय असतो. आयफोनमध्ये 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करायचं. आणि दुसरं, फोन पुन्हा चालू झाला की पत्ते बदलू शकतात. राउटरसारखं पक्कं करून ठेवायची सोय तिथे सहसा नसते.

म्हणून माझं स्पष्ट मत: इंटरनेट हॉटस्पॉटवर असेल तर प्रिंटर यूएसबी केबलने जोडा. बहुतेक वायफाय प्रिंटरना मागे यूएसबीची चौकोनी जागा असतेच. केबल दोनेकशे रुपयांत येते, पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका. नाहीतर 'वायफाय डायरेक्ट' आहे. त्यात प्रिंटर स्वतःचंच छोटं वायफाय सोडतो, त्याच्या नावात बहुधा 'डायरेक्ट' असतं, आणि राउटर लागतच नाही. पण लॅपटॉप त्याला जोडला की तेवढा वेळ वायफायवरचं इंटरनेट जातं. लेबल आधी डाउनलोड करा, मग प्रिंटरला जोडा, पान काढा, परत हॉटस्पॉटवर या. अधूनमधून वापरायला चालेल, दिवसाला वीस लेबलं काढणाऱ्याला वैताग येईल.

दोष कॉम्प्युटरमध्ये असेल तर

मोबाइलवरून पान आलं, कॉम्प्युटरवरून येत नाही. आता सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा.

पहिल्यांदा बघा, तुमचा प्रिंटर तिथे किती वेळा आहे. हसू नका, दोन-तीनदा असतो! एकदा यूएसबीने जोडला होता तो एक, वायफायने जोडला तो दुसरा, मध्ये ड्रायव्हर परत टाकला तेव्हा 'कॉपी १' नावाने तिसरा. केबल काढलेली असताना तुम्ही यूएसबीवाल्या नावावर प्रिंट देत असाल तर तो ऑफलाइनच दाखवणार. प्रत्येकावर एकेक टेस्ट पान देऊन बघा. चालेल त्याला ओळखीचं नाव द्या, 'लेबल वायफाय' वगैरे, बाकीचे काढून टाका. त्याच पानावर खाली विंडोजला डीफॉल्ट प्रिंटर स्वतः ठरवू देण्याचा पर्याय असतो, तो बंद करा आणि आपला प्रिंटर स्वतः डीफॉल्ट करा. नाहीतर मागच्या वेळी चुकून पीडीएफवाला पर्याय निवडला असेल तर विंडोज पुढच्या वेळीही त्यालाच पुढे करतं.

दुसरं म्हणजे अडकलेली रांग. एखादं पान अर्धवट अडकलं की त्याच्या मागची सगळी पानं थांबतात, आणि आपण रागाने 'प्रिंट' अजून आठ वेळा दाबलेलं असतं. रांग उघडून सगळं रद्द करा. 'डिलीटिंग' लिहून तिथेच बसलं तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, यादीत 'प्रिंट स्पूलर' सापडेल, तो 'स्टॉप' करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स हा फोल्डर. त्याच्या आतल्या फायली पुसा, फोल्डर पुसू नका. मग स्पूलर 'स्टार्ट' करा. रांगेतली सगळ्यांची सगळी पानं जातात, ती परत द्यावी लागतील.

तिसरं, आपला तो बदललेला पत्ता. प्रिंटरच्या नावावर क्लिक करून 'प्रिंटर प्रॉपर्टीज', त्यात 'पोर्ट्स'. खूण असलेल्या ओळीतला पत्ता आणि प्रिंटरच्या पानावरचा पत्ता जुळतो का बघा. जुळत नसेल तर 'ॲड पोर्ट', 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट', मग खरा पत्ता टाका आणि पुढे-पुढे करत संपवा. तिथे पत्त्याऐवजी 'डब्ल्यूएसडी' लिहिलेलं असलं आणि प्रिंटर सारखा ये-जा करत असला, तरी हेच करा. डब्ल्यूएसडीमध्ये विंडोज प्रिंटरला हाक मारून शोधत असतं, आणि काही राउटरवर ती हाक पोचत नाही. काही कंपन्यांच्या प्रिंटरना मात्र त्यांचाच खास पोर्ट लागतो, साध्या पोर्टवर पान येत नाही. तसं झालं तर हा प्रिंटर यादीतून काढून कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून नव्याने जोडा. ड्रायव्हर परत टाकायची खरी वेळ ही.

पत्ता बरोबर, ब्राउजरमध्ये पान उघडतंय, तरी ऑफलाइन? त्याच पोर्टवर 'कॉन्फिगर पोर्ट' दाबा आणि 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढा. विंडोज या मार्गाने प्रिंटरला 'आहेस का?' विचारतं. काही प्रिंटर त्याला नीट उत्तर देत नाहीत आणि चालू असूनही गैरहजर ठरतात.

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. कॉम्प्युटरवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. आणि घरच्या वायफायचा प्रकार विंडोजमध्ये 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा, पब्लिकमध्ये विंडोज आजूबाजूच्या वस्तू शोधत नाही. पण हे फक्त घरी. कॅफेच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर पब्लिकच राहू द्या.

एकदाच करायचं काम

प्रिंटर चालू झाला की लोक उठतात. उठू नका, अजून दहा मिनिटं द्या. राउटरला सांगून ठेवा की हा पत्ता फक्त या प्रिंटरचा.

राउटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर त्याचा स्वतःचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड असतो. बऱ्याच राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१ असतो. ब्राउजरमध्ये तो टाकून आत जा. तिथे 'लॅन' किंवा 'डीएचसीपी' नावाच्या भागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' अशासारखा पर्याय शोधा. नाव कंपनीप्रमाणे बदलतं. प्रिंटरचा मॅक ॲड्रेस विचारेल. तो बारा अक्षर-अंकांचा असतो, प्रिंटरच्या नेटवर्कच्या पानावर छापलेला असतो. प्रिंटरला दोन मॅक असतील तर वायफायवाला घ्या. पत्ता निवडा, सेव्ह करा, प्रिंटर बंद करून चालू करा. राउटरने नवाच पत्ता दिला असेल तर विंडोजच्या पोर्टमध्येही तोच टाका.

आता कितीही वेळा लाइट जाऊ दे, ती खोली त्या भाडेकरूच्या नावावर. पत्ता, वायफायचं नाव आणि जोडल्याची तारीख एका कागदावर लिहून प्रिंटरच्या मागे चिकटवा. तुम्ही गावाला गेलात आणि घरच्यांनी फोन केला तर हा कागद कामाला येतो.

नंबर शोधताना सांभाळा

वैतागून माणूस इंटरनेटवर 'अमुक प्रिंटर कस्टमर केअर' असं शोधतो आणि वर दिसलेल्या नंबरवर फोन लावतो. त्यातले काही नंबर भामट्यांचे असतात. ते गोड बोलतात, कॉम्प्युटरवर एक ॲप टाकायला लावतात, त्या ॲपने तुमची स्क्रीन त्यांना दिसते. मग विंडोजमधल्या रोजच्याच कुठल्यातरी लाल खुणा दाखवून 'व्हायरस आहे' म्हणतात आणि पैसे मागतात, किंवा दहा रुपये नोंदणी म्हणून बँकेचं ॲप उघडायला लावतात. प्रिंटर दुरुस्त करायला ओटीपी लागत नाही, यूपीआय पिन तर नाहीच नाही. नंबर घ्यायचा तर वॉरंटी कार्डावरून, खोक्यावरून किंवा कंपनीच्या वेबसाइटचं नाव स्वतः टाइप करून. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

सगळं करूनही जमलं नाही तर

शेवटची परीक्षा. कुठल्याही फोनवर २.४ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट चालू करा, साधा इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड ठेवा, फोन प्रिंटरच्या शेजारी ठेवा आणि प्रिंटर त्याला जोडून बघा. जोडला गेला तर प्रिंटरचं वायफाय जिवंत आहे, राउटरची सेटिंग बघायला हवी. प्रिंटरला हॉटस्पॉटही दिसत नाही आणि दुसरं कुठलंच वायफाय दिसत नाही, असं असेल तर त्याच्या नेटवर्क सेटिंग एकदा रिसेट करा. तरी तेच, तर बहुधा त्यातला वायफायचा भाग गेला आहे. वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सेंटरला न्या आणि या परीक्षांमध्ये काय दिसलं ते सांगा, म्हणजे 'नवा घ्या' हे उत्तर पहिल्या मिनिटाला मिळणार नाही.

वॉरंटी संपली असेल तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा आणि केबलच्या किमतीशी ताडून बघा. वायफाय गेलं म्हणून छपाई आणि स्कॅनिंग जात नाही. केबल लावा, यादीत प्रिंटर नव्या नावाने येईल, त्यालाच डीफॉल्ट करा आणि जुनं वायफायवालं नाव काढून टाका, म्हणजे घाईत कोणी त्याच्यावर लेबल पाठवणार नाही.